मुरबाड रस्त्यावरची भिंत

४ डिसेंबर

भिंत मिळाली.

कल्याणहून मुरबाडकडे निघालं की डाव्या हाताला एक पाच मजली इमारत लागते, तिची रस्त्याकडची अख्खी बाजू. एकही खिडकी नाही. आम्हा भिंती रंगवणाऱ्यांना अशी भिंत म्हणजे लॉटरीच. शहर सुशोभीकरणाचं काम अंजूताईंच्या ग्रुपला मिळालंय. या रस्त्यावर तीन भिंती आहेत, दोन मुंबईच्या मुलांना आणि ही मला. मदतीला साईनाथ. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चित्रांत आभाळ आणि पानं भरत आले. आता चित्र माझं, आणि आभाळ भरायला साईनाथ.

विषय दिलाय 'आपल्या मातीतली माणसं'. अंजूताई म्हणाल्या, शेतकरी बाई काढ, डोक्यावर भारा आणि चेहऱ्यावर हसू. मी म्हटलं, ताई, डोक्यावर भारा घेऊन हसणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. त्या म्हणाल्या, बरं बाई, तुझ्या मनाने काढ.

मनाला ताण द्यायची गरजच नाही, बाई माझ्या फोनमध्ये आहे. दिवाळीनंतर मुरबाडच्या पुढे धसईजवळच्या आमच्या गावच्या घरी गेले होते, तेव्हा काढलेला सासूचा फोटो. भात झोडून झालं होतं आणि ती खळ्याच्या कडेला टेकली होती, उजवा हात बरगडीखाली दाबून, सरळ माझ्याकडे बघत. अशी पोज पैसे मोजूनही मिळत नाही.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. धोंडीबाई तिचं नाव. लग्नानंतरही मी परांचीवर चढून भिंती रंगवणार म्हटल्यावर भावकीतल्या सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती. आत्या भाकऱ्या थापत होती, मान वर न करता म्हणाली, "आपन बी भिंती सारवतोच ना? तिची जरा उंच हाय." विषय तिथेच संपला. त्यामुळे पहिली भिंत तिची, हे माझं केव्हाचं ठरलेलं होतं. तिला मात्र विचारलेलं नाही. विचारलं तर नको म्हणेल.

९ डिसेंबर

आज भिंतभर गिरगटलं. आकडे, चांदण्या, मासे, शिव्या सोडून वाटेल ते. मग त्या गिरगटलेल्या भिंतीचा फोटो काढायचा आणि फोनमध्ये त्यावर आपलं चित्र अंथरायचं, म्हणजे कळतं की नाक माशाच्या शेपटीशी येतंय आणि हनुवटी सातच्या आकड्यावर. पाच मजली बाई काढायला याहून सोपी रीत नाही. रस्त्यावरच्या लोकांना हे काय ठाऊक. एक काका स्कूटर थांबवून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "पालिकेने याचे पैसे दिले?"

साईनाथने अर्धी भिंत स्वतःच्या नावाने भरली. हा पूर्वी रात्री पुलांखाली स्प्रे घेऊन वाकड्यातिकड्या फुगीर अक्षरांत आपलं नाव लिहायचा आणि पोलिसांची शिट्टी ऐकली की पळायचा. आता डोक्यावर हेल्मेट घालून, पट्टा बांधून, पगारावर भिंती रंगवतो. मी म्हटलं, इतकं कशाला लिहितोस, उद्या झाकलंच जाणार आहे. म्हणाला, "म्हणूनच लिहितोय. भिंत आपली कधी नसते, पूजा. आपण फक्त येऊन जातो."

पुढच्या टपरीवरचा चहा चांगला आहे. चालवणारी बाई कमळ नावाची, मुरबाडचीच. तिच्या बाकड्यावरून माझी भिंत पूर्ण दिसते.

१३ डिसेंबर

आज डोळे.

एकेक डोळा हातभर लांब. क्रेनसारख्या लिफ्टच्या पाळण्यात उभं राहिलं की आत्याची फक्त बुबुळं दिसतात, आत्या दिसत नाही. ते फोनमध्ये बघून करायचं. फोटोत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट आलाय. मी जसा दिसला तसाच रंग कालवला, पांढऱ्यात मातकट यलो ऑकर आणि थेंबभर हिरवा, आणि भरला. खालून साईनाथ ओरडला, "आजीचे डोळे हळदीच्या हाताने चोळले काय गं?" उतरून रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं, तर खरंच विचित्र दिसत होतं. हा माझा फोन संध्याकाळच्या उन्हात सगळंच पिवळं करतो. पुन्हा वर गेले आणि स्वच्छ पांढरा मारला, कडेला निळ्याची किंचित छटा. पिवळ्याने छळलं, वाळला की वर यायचा. चार हात दिले तेव्हा कुठे दबला. मग मात्र डोळे असे जिवंत झाले की साईनाथने खालून शिट्टी मारली.

फोटोवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, कुठे सुधारायचं ते हाताला कळलं पाहिजे, असं आमचे चित्रकलेचे सर म्हणायचे. आज कळलं.

१६ डिसेंबर

सुनिल कामावरून सुटल्यावर आसनगावला घरी न जाता कल्याणलाच उतरून भिंत बघायला आला. (तोंडावर अहो म्हणते, वहीत सुनिल. वहीला काय कळतंय.) बराच वेळ मान वर करून उभा होता. म्हणाला, "आय अशीच बघते." मग म्हणाला, "तो हात असा का ठेवलाय?" मी म्हटलं, फोटोत तसाच आहे, बायका पदर खोचताना ठेवतात तसा. हो म्हणाला.

हाताची बोटं मला फार छान जमली आहेत. दाबलेल्या हाताखाली लुगड्याच्या ज्या चुण्या पडतात त्या रंगवायला दोन दिवस गेले.

२१ डिसेंबर

चित्र पूर्ण. काल लिफ्ट मुंबईच्या मुलांच्या भिंतीकडे गेली आणि आज आम्ही दोघं धसईला आलो, आत्याला फोनवर चित्र दाखवायला.

तिने फोन लांब धरला, जवळ धरला. "अग बया," म्हणाली, "लोकांना दुसरी बाई मिलाली नाय? माजं ध्यान कशाला टांगलंस रस्त्यावर?" आणि फोन परत देऊन चुलीकडे वळली. एवढंच. मी काय काय ऐकायला आले होते आणि काय मिळालं. रस्त्यावर अनोळखी माणसं 'भारी' म्हणून जातात, आणि घरच्या माणसाला ध्यान दिसतं. राग आला, खरं सांगते.

शेजारची गोजरवहिनी डोकावली. तिने काम चालू असतानाच एसटीतून भिंत पाहिली होती. म्हणाली, "पूजा, चित्र लाखात एक. पन जित्या मानसाला कोन एवढं भितीवर लावतं गो? गेलेल्यांना लावतात." आत्या आतूनच म्हणाली, "मंग मी काय कायमची रानार हाय? आदीच लावलं, काम झालं." दोघी हसल्या.

आत्या वाळलीय. झंपर खांद्यावरून उतरतो. भाकरी अर्धीच खाल्ली आणि सारखी हात खाजवत होती. विचारलं तर म्हणे भाताची कुसळं लागली. भात झोडून महिना होऊन गेला. तिला म्हटलं, आसनगावला चला चार दिवस. म्हणाली, "कोंबड्या कोन बगंल?"

५ जानेवारी

जवळच्या म्हसा गावच्या जत्रेला या वर्षी आत्या आली नाही. तिची जत्रा कधी चुकली नव्हती. पाय दुखतात म्हणाली. आणि गोजरवहिनी सांगते की पाय दुखणारी ही बाई गेल्या महिन्यात तीनदा सकाळच्या गाडीने कल्याणला जाऊन आली. कशाला? तर म्हणे बाजाराला. धसईला बाजार भरत नाही का? आणलं काय, तर काहीच नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "जातंय मी माज्या कामाला, तुला काय करायचंय." म्हातारपणी माणसं हट्टी होतात. कल्याणला येऊन आमच्याकडे एक फोनसुद्धा करायचा नाही, याला काय म्हणायचं.

१९ जानेवारी

आज भिंतीची एक गंमत. संक्रांतीची हळदीकुंकवं चालू आहेत. कोणीतरी भिंतीच्या तळाशी खिळा ठोकून झेंडूचा हार अडकवलाय, अर्ध्या नारळात उदबत्ती खोचलीय आणि चित्रातल्या पावलावर हळदकुंकू वाहिलंय. इमारतीतली एक बाई मला म्हणाली, "ह्या आजी कधी वारल्या हो?" मी म्हटलं, "घरी भाकऱ्या थापतायत." तिची अशी धांदल उडाली की बिचारीने मलाच तिळगूळ दिला.

हाराचा फोटो सुनिलला पाठवला. हसेल वाटलं होतं. त्याने फक्त लिहिलं, 'हार काढून टाक.'

मी काढला नाही. मलाच बरं वाटत होतं, माझ्या चित्राला लोक नमस्कार करतायत म्हणून.

६ फेब्रुवारी

आत्याच्या पोटात दोन दिवस पाणी टिकत नव्हतं. गोजरवहिनीने फोन केला, सुनिल रजा टाकून गेला आणि तिला जीपने घेऊन आला. शहापूरच्या डॉक्टरांनी तिला खिडकीशी बसवलं, अंगठ्याने पापणी खाली ओढली आणि विचारलं, "डोळे कधीपासून पिवळे आहेत?"

सुनिलने माझ्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "वयाचं असंल."

मी फोन काढला. तो दिवाळीनंतरचा फोटो डॉक्टरांना दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, आधी डोळ्यांवर, मग बरगडीखालच्या त्या हातावर. "तेव्हाही दुखत होतं तर," म्हणाले. आत्या म्हणाली, "जरासं."

७ फेब्रुवारी

फोनचा दोष नव्हता. उन्हाचाही नव्हता.

तिच्या घरातल्या कोणी पाहिलं नाही ते मी पाहिलं होतं. त्या रंगाची नेमकी मिसळ मी माझ्या हाताने केली होती, थेंबभर हिरव्यासकट. आणि मग त्यावर चार हात पांढरा मारला. चित्र चांगलं दिसावं म्हणून. तो हात मी दोन दिवस रंगवत बसले, चुणी चुणी, आणि एकदाही मनात आलं नाही की माणूस असा हात कुठे धरतं. हे मी सुनिलला सांगितलेलं नाही. त्याला कळलं असेल का, ते त्याच्या चेहऱ्यावरून समजत नाही. तो मोठ्या हॉस्पिटलांचे पत्ते काढतोय.

१४ फेब्रुवारी

कल्याणच्या मोठ्या हॉस्पिटलात आहोत. पित्ताशयात गाठ, तिथून यकृतात पसरलेली. ऑपरेशनची वेळ गेली, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. मी विचारलं, दिवाळीत आणलं असतं तर? ते म्हणाले, तसं काही सांगता येत नाही. मग चष्मा काढून पुसत राहिले.

आत्याला गाठ आहे एवढंच सांगितलंय. तिने विचारलं, "केवढी?" मी बोटांनी दाखवली, होती त्याहून लहान. तिने माझ्या बोटांकडे बघितलं आणि मान हलवली.

रात्री मी आणि सुनिल पाळीपाळीने थांबतो. दिवसा ती झोपेत असते. जागी झाली की विचारते, "भित कशी हाय गो?" मी म्हणते, आहे. तिची चौकशी मला सुईसारखी टोचते. हिला ते ध्यान आवडलं नव्हतं, तेच मनात बसलं असेल.

२० फेब्रुवारी

आज सुनिल बोलला. हॉस्पिटलच्या जिन्यात.

"पूजा, मी तुला कदी काय मागितलं नाय. ते चित्र पुसून टाक."

मी म्हटलं, तुम्ही पण गोजरवहिनीसारखं बोलायला लागलात?

"मला पन म्हाईत हाय चित्रानं गाठ होत नाय. रोज शहरात येतो-जातो, शिकलोय. पन जित्या मानसाला हार घातला लोकांनी. माजी आय अजून हाय आनि लोक तिच्या पाया पडतात. मला झोप येत नाय. उद्या कायपन झालं तर मी जलमभर त्या रस्त्यानं कसा जाऊ? एवढं कर. काय सांगावं, थोडा गुण पन येईल."

शेवटचं वाक्य तो अगदी हळू बोलला आणि मग रडला. लग्नाला चार वर्षं झाली, मी त्याला रडताना पाहिलेलं नव्हतं.

मी म्हटलं, आत्याला विचारू या का? तो म्हणाला, "तिला कशाला तरास? तिला ते आवडलंच नवतं." ते खरंच होतं.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण मी हो म्हटलं, आणि त्याच्यासाठी म्हटलं असं नाही. हॉस्पिटलात येता-जाता मला रिक्षातून ते डोळे दिसतात. पांढरेशुभ्र, कडेला निळी छटा. ते मला बघवत नाहीत. पुसायचं कारण सुनिलने दिलं, पुसायची घाई माझी आहे.

२२ फेब्रुवारी

अंजूताई चिडल्या. चिडणारच. अख्ख्या रस्त्यावर लोक त्या भिंतीशी थांबून फोटो काढतात. म्हणाल्या, "पालिकेला काय सांगू?" मी म्हटलं, सांगा, काढणारीने परत घेतलं, तिथे दुसरं काहीतरी फुकट काढून देईन. मग कारण सांगितलं.  तेव्हा त्या म्हणाल्या, लिफ्ट बुधवारपर्यंत शेजारच्या भिंतीला आहे, त्याआधी कर. इमारतीवाल्यांना पांढरी भिंत चालते, ओल आली नाही म्हणजे झालं.

साईनाथला वाटलं होतं मी चेष्टा करतेय. मग म्हणाला, "माझं काम पुसलेल्या भिंती मोजायच्या मी सोडून दिल्या. पण स्वतःच्या हाताने एकही पुसली नाही. तू खाली थांब, मी करतो." मी नको म्हटलं.

२५ फेब्रुवारी

पुसलं.

खालून सुरुवात केली. पावलं, लुगडं, तो हात. दुपारपर्यंत खांदे गेले. चेहऱ्यापाशी आले तेव्हा साईनाथने लिफ्ट थांबवली आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. एका हाताने भागत नाही, पहिला हात पातळ ताकासारखा बसतो आणि आतून माणूस दिसतच राहतं. हनुवटी तीनदा झाकली. डोळ्यांना मात्र फार रंग लागला नाही, ते आधीच पांढरे होते.

रडू आलं नाही. हात चालत होता तोवर काहीच वाटलं नाही. खाली उतरले, हेल्मेट काढलं, मागे वळून पाहिलं तर इमारतीची नुसती बाजू. कालपर्यंत तिथे कोणी होतं असं नव्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही.

पाणी प्यायला कमळच्या टपरीवर गेले. ती भिंतीकडे बघत उभी होती, गॅसवर चहा ऊतू जात होता. म्हणाली, "ताई, हे काय केलंत? आता आजींना काय सांगू?"

कोण आजी?

"त्याच की, धसईच्या. सकालच्या गाडीनं यायच्या. हितं बाकड्यावर बसायच्या तास तास. चा नाय घ्यायच्या, पोटात दुखतं म्हनायच्या. येनाऱ्या-जानाऱ्याला बोट दाकवून सांगायच्या, माज्या सुनंनं काढलंय. चित्रात कोन हाय ते नाय सांगायच्या, मलाच वळखू आलं. तुमी वर रंगवत होता तवा पन आलत्या. मी म्हटलं हाक मारतंय, तर म्हनाल्या, नको, वर हाय ती, खाली बगितलं तर पाय सटकंल तिचा. मला शप्पत घातली सांगू नको म्हनून. सारक्या इचारतात, पावसानं जानार तर नाय ना? मी म्हटलं, आजी, ताईचा रंग हाय, तुमच्या-माज्या मागं रानार. लय दिवसात आल्या नाय. बऱ्या हायत ना?"

मी तिथेच बाकड्यावर बसले. बाकडं रस्त्याच्या इतक्या कडेला आहे की समोर दुसरं काही दिसतच नाही. फक्त भिंत.

हॉस्पिटलात आले तेव्हा सुनिलने विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं. तो म्हणाला, "बरं वाटलं जरा." त्याला कमळचं बोलणं सांगितलं नाही. सांगवलं नाही. उद्या आत्याला घरी न्या म्हणालेत.

२७ फेब्रुवारी

काल आत्याला धसईला आणलं. घर सारवून घेतलं. ती झोपून आहे, बोलत नाही. वाटेतलं लिहायचं आहे, पण आज नको.

५ मार्च

आत्या सोमवारी पहाटे गेली. गोजरवहिनी आणि मी जवळ होतो, सुनिल दारात. त्रास झाला नाही, असं सगळे म्हणतात. घर माणसांनी भरलंय आणि चूल बंद आहे, गोजरवहिनीकडून पिठलं-भात येतो. भांडी हातात नसली की मी वेडी होईन असं वाटतं, म्हणून मागे गोठ्यापाशी बसून लिहितेय.

वाटेतलं लिहायचं राहिलं होतं.

हॉस्पिटलच्या गाडीत मागे आत्या आडवी आणि मी तिच्याजवळ, सुनिल पुढे ड्रायव्हरशेजारी. मी ड्रायव्हरला विचारलं होतं, दुसऱ्या रस्त्याने नाही का जाता येत? तो म्हणाला, "ताई, मुरबाडला एकच रस्ता." आत्याचे डोळे मिटलेले होते. मी मनात म्हणत होते, झोप, आत्या, थोडा वेळ अजून झोप.

टपरीच्या अलीकडे तिने डोळे उघडले. कसं कळलं तिला, देव जाणे. म्हणाली, "गाडी थांबवा." सुनिलने मागे पाहिलं. ती पुन्हा म्हणाली, "थांबवा रे. आनि मला बसवा." आवाज असा होता की ड्रायव्हरने विचारायच्या आत ब्रेक मारला. मी तिला पाठीमागून धरून बसतं केलं. वजन उरलंच नव्हतं. खिडकीच्या काचेतून सगळी भिंत समोर होती, वरपासून खालपर्यंत पांढरी, उन्हात डोळे दिपतील अशी. सुनिलने मान खाली घातली. 

आत्या बघत राहिली. आरामात, एखाद्याचं घर बघावं तशी वरून खाली. मग सुनिलच्या पाठीला म्हणाली, "बरी दिसतंय रे मी. चांगलं काढलंय तुज्या बायकोनं." आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चला आता."

सुनिलला त्या बोलण्याचा फार आधार झालाय. आल्यागेल्याला सांगतो की आयला शेवटी भास झाला, पण चांगला झाला, तिला चित्र दिसलं. डॉक्टरही म्हणाले होते की शेवटी शेवटी नजरेचा, डोक्याचा भरवसा नसतो. तसंच असेल. मी त्याला दुसरं काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

गाडी निघाल्यावर मी तिला पुन्हा आडवं केलं. तिने माझा हात ओढून आपल्या छातीवर घेतला आणि पदराच्या टोकाने माझी बोटं चोळायला लागली. आदल्या दिवशीचा पांढरा रंग नखांत आणि पेरांच्या घड्यांत तसाच राहिला होता, धुवायचं मला सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, "आत्या, पडा ना, दमाल." ती थांबली नाही. एक बोट झालं की दुसरं. मधूनच पदर ओठांना लावून ओला करायची. पुढे सुनिल वळायला लागला की माझा हात पदराखाली झाकायची, तो समोर बघू लागला की पुन्हा काढायची.

गोजरवहिनी म्हणते, जाणाऱ्या माणसाचे हात असेच चाळवत राहतात, त्यात काही मनावर घेऊ नये. तिने खूप माणसं जाताना पाहिली आहेत, तिला ठाऊक असणार.

मुरबाड आलं तेव्हा माझी दहाही बोटं स्वच्छ झाली होती. मग तिने हात सोडला.